शनिवारचं पान

ताई, सप्रेम नमस्कार.

नाशिक शहराच्या कडेला आमचं वाइन शॉप आहे. बाबा सव्वीस वर्षं गल्ल्यावर बसतायत. पुण्याची नोकरी सोडून दीड वर्षापूर्वी मीही दुकानात बसायला लागले. पाटीवर वाइन शॉप लिहिलंय, पण वाइनची म्हणाल तर एकच फळी. बाकी सगळं व्हिस्की, रम, बिअर. त्या फळीकडे लोकांचं लक्ष जावं म्हणून मी दर शनिवारी एक पान लिहायला लागले. अर्ध्या पानात त्या आठवड्यात घरी चाखलेल्या वाइनबद्दल, अर्ध्यात आठवड्यातल्या घडामोडींबद्दल. काउंटरवर ठेवते, आणि ज्यांनी मागितलं त्यांना फोनवर पाठवते. असे दीडशेच्या वर लोक झालेत.

गेल्या महिन्यात एक निवृत्त मास्तर, आमचे जुने गिऱ्हाईक, पान परत ठेवून गेले. "वाइनचं सांग बाळ, जगाचं मी पेपरात वाचतो." बाबा म्हणाले, नुसते भाव छाप आणि सोडून दे. त्याच आठवड्यात मागच्या गल्लीतल्या एक काकू आल्या. त्या चार घरची धुणीभांडी करतात. मुलीकडून त्यांनी पान वाचून घेतलं होतं. म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याचं पण लिही की यात." मला काही बोलता आलं नाही. त्यानंतरचे दोन शनिवार पान निघालेलं नाही. आईला हे पहिल्यापासूनच नको आहे. नातेवाइकांत ती अजूनही 'आमचं जनरल स्टोअर्स आहे' असंच सांगते.

लिहू की थांबू? लिहायचं तर काय लिहू? आणि हे कायद्यात बसतं का?

— शनिवारवाली, नाशिक

*

तू वयानं लहान आहेस म्हणून एकेरीत लिहिते. पत्राबरोबर पाठवलेली सहाही पानं वाचली, त्यातली दोन परत वाचली. थांबू नकोस. येत्या शनिवारी पान निघू दे. पण मास्तरांनी ते परत का ठेवलं हे आधी बघू, कारण त्यांचं निम्मं बरोबर आहे.

त्या पानावर तू लिहिलंयस, "सध्याच्या अस्थिर जागतिक परिस्थितीत शांतता आणि संवादाची नितांत गरज आहे." हे वाक्य कुठल्याही सभेच्या आभारप्रदर्शनात खपून जाईल. ते लिहायला वाइनच्या दुकानात बसावं लागत नाही. मास्तरांनी उभा जन्म निबंधाच्या वह्या तपासल्या असणार, त्यांच्या ते लगेच ध्यानात आलं.

आता दुसरं पान काढ. २०२५च्या जूनमध्ये राज्यानं भारतीय बनावटीच्या विदेशी दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं, आणि दुकानात नवे भाव लागले त्या आठवड्याचं. त्यात तू लिहिलंस, की सकाळी पहिला आलेला माणूस भाव ऐकून हातातली क्वार्टर काउंटरवर ठेवतो, खिशातले पैसे पुन्हा मोजतो आणि काही न बोलता निघून जातो. बाबा दिवसभरात अकरा वेळा तेच सांगतात, "आम्ही नाही वाढवला, सरकारनं वाढवला." वाइन आणि बिअरवर ती वाढ नव्हती, म्हणून कधी न येणारे दोघं तुझ्या फळीपाशी येऊन उभे राहिले, बाटल्या उलटसुलट करून गेले. हेही तू टिपलंस. शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट झालं, एवढं मास्तरांना पेपरात मिळालं होतं. परत ठेवलेली क्वार्टर पेपरात नव्हती. ती तुझ्याकडेच होती.

तेव्हा घडामोडी पानातून काढून टाकू नकोस. ज्या तुझ्या काउंटरपर्यंत आल्या तेवढ्याच घे. बाकीच्यांवर तुझं मत असेल, असायलाच हवं, पण ते घरी जेवताना बोल.

हे मी ठामपणे सांगते त्याला माझं एक कारण आहे. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. २००१ साली राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला आणि तिकडे सांगलीत पलूसला वाइन पार्क निघाले, आणि आमच्या भागात वाइनच्या द्राक्षांची चर्चा ओट्याओट्यावर सुरू झाली. वडिलांची थॉम्पसनची बाग होती, खायच्या द्राक्षांची. त्यातली दीड एकर मोडून त्यांनी एका कंपनीशी करार केला आणि वाइनची जात लावली. मणी लहान, साल जाड, आत बिया. घरातली पोरं तो मणी तोंडात टाकून थुंकून द्यायची. वडील म्हणायचे, हे खायचं नाही, हे विकायचं द्राक्ष आहे.

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. ताजमधून धूर निघत होता. आई पदर तोंडाला लावून बसली होती. त्या आगीचा आमच्या बांधाशी काही संबंध असेल असं घरात कोणाच्या मनातही आलं नाही. पण परदेशी पाहुणे यायचे थांबले, मोठी हॉटेलं ओस पडली, वरून जगभरची मंदी, आणि तेव्हाची बरीचशी वाइन खपायची ती याच हॉटेलांमधून. टाक्या भरलेल्याच राहिल्या. भरलेल्या टाकीत नवा रस घालणार कुठे? पुढच्या हंगामात कंपनीचा ट्रक आला नाही. फोन लागायचा, कोणी उचलायचं नाही. खायच्या बाजारात त्या द्राक्षाला भाव नाही, आणि बिया असल्यानं बेदाण्यालाही कोणी हात लावेना. मार्चमध्ये घड वेलीवरच सुकले. एप्रिलमध्ये खरड छाटणी करायची, तर वडिलांनी त्या एप्रिलमध्ये वेल बुडातूनच कापले. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. असं झालेलं आमचं एकटं घर नव्हतं.

आता विचार कर. हॉटेलांची उचल थांबली, नव्या ऑर्डरी येत नाहीत, कंपनीचा माणूस एकावर एक फुकट द्यायला तयार आहे, हे सगळ्यात आधी कोणाला दिसलं असेल? तुझ्या बाबांसारख्या माणसाला. त्या हिवाळ्यात एखाद्या दुकानदारानं चार ओळी लिहून ठेवल्या असत्या आणि त्या कशाबशा आमच्या गावापर्यंत पोचल्या असत्या, तर वडिलांनी निदान त्या वर्षीची औषधं, मजुरी तरी वाचवली असती. तुझं पान म्हणजे कोणा शौकिनाची हौस आहे असं तुझ्या बाबांना वाटतं. मला त्यात ही जागा दिसते.

अशा गोष्टी तुझ्या फळीवर आत्ताही उभ्या आहेत. २०२५चा मे घे. मोसमी पाऊस मुंबईत २६ मेलाच येऊन ठेपला आणि त्याआधीही मे महिन्यात अवकाळी पडतच होता. पेपरात पाणी तुंबल्याचे फोटो आले. पण एप्रिलच्या छाटणीनंतरच्या त्या आठवड्यांत द्राक्षाच्या कोवळ्या काडीतल्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होत असतो. बागाईतदार त्याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. त्याला कडक ऊन लागतं. आभाळ भरलेलं राहिलं की डोळा दिसायला चांगला, आत मात्र घड नाही. ते कळतं थेट ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, फूट निघाली की. म्हणजे त्या मे महिन्यातलं आभाळ तुझ्या फळीवर यायला वर्ष-दीड वर्ष जातं. हे तू लिहू शकतेस, पण फोनवर विचारून लिहू नकोस. दिंडोरीकडे किंवा निफाडकडे एखाद्या ओळखीच्या बागेत जा, काडी हातात घे, डोळे मोज, घड मोज, आणि मग लिही.

दुसरं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. २९ डिसेंबर २०२२ला त्यांच्याशी व्यापार करार लागू झाला आणि पाच अमेरिकी डॉलरच्या वरच्या बाटलीचा आयात कर दीडशे टक्क्यांवरून शंभरवर आला, पंधरा डॉलरच्या वरचीचा पंचाहत्तरवर. पुढे तो टप्प्याटप्प्यानं आणखी उतरायचा आहे. पेपरात आलं, वाइन स्वस्त होणार. तुझ्याकडे बाबांची बिलं आहेत. २०२२च्या दिवाळीचं काढ, २०२३च्या दिवाळीचं काढ, एकाच बाटलीचे दोन भाव शेजारी मांड. कर उतरला, भाव किती उतरला, हे तू दाखवलंस तर ते पान लोक जपून ठेवतील.

आणि जिथे तुझा स्वतःचा फायदा-तोटा आहे, तिथे तो पहिल्या ओळीत सांग. २७ जानेवारी २०२२ला मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायला मान्यता दिली होती. केवढा गदारोळ झाला. अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, विधिमंडळात आरोप झाले, शेवटी तो निर्णय कागदावरच राहिला. हा विषय पुन्हा निघाला तर तू काय लिहिशील? विरोधात लिहिलंस तर वाचणारा म्हणेल, हिचं गिऱ्हाईक जाणार म्हणून ही बोलते. तेव्हा तूच आधी लिही, की हे झालं तर आमच्या फळीवरची निम्मी विक्री जाईल, हे धरून पुढचं वाचा. माझंही सांगते. द्राक्षवाल्याची मुलगी म्हणून मला तो निर्णय हवा होता, आणि निफाडच्या बायकांचं आयुष्य जवळून बघितलेली म्हणून नको होता. दोन्ही खरं होतं.

आता चाखण्याबद्दल. इथे मला तुझ्यावर थोडं रागवायचंय.

सोव्हिनियाँ ब्लाँ या पांढऱ्या वाइनबद्दल तू लिहिलंयस, "गूसबेरी, पॅशनफ्रूट आणि एल्डरफ्लॉवरचा दरवळ." तू गूसबेरी कधी खाल्लीस? मी नाही खाल्ली. आपल्याकडे त्या शब्दावर आवळा डोळ्यांपुढे येतो, आणि तो वेगळाच. एल्डरचं फूल तुझ्या दीडशे वाचकांपैकी कोणी हुंगलंय? हे शब्द ज्यांच्या परसात ती झाडं आहेत त्यांनी त्यांच्यासाठी लिहिलेत. त्यांच्या तोंडी ते खरे आहेत. तुझ्या तोंडी ते पाठ केलेले आहेत, आणि वाचणाऱ्याला वाटतं की आपल्याला काही कळत नाही, ही वाइन आपल्यासाठी नाही. मग तो गुपचूप बिअर घेऊन जातो.

आपल्या स्वयंपाकघरात काय कमी आहे? सोव्हिनियाँचा ग्लास नाकाशी ने आणि शेजारी ढोबळी मिरची चीर. तोच हिरवा वास. हा नुसता भास नसतो. दोन्हीत पायराझिन नावाचे त्याच कुळातले घटक असतात. शिराझ या लाल वाइनमध्ये मिऱ्याचा वास येतो, कारण मिऱ्यात असतं तेच रोटंडोन त्यातही असतं. ओकच्या पिंपात राहिलेल्या लाल वाइनला लवंगेचा वास येतो. लवंगेचं युजेनॉल त्या लाकडातही असतं. मिरी आणि लवंग आपल्या गोडा मसाल्यात आहेत. कोणाला समजावायची गरज नाही.

आणि तुरट. हा शब्द आपल्याजवळ आहे याची तुला जाणीव आहे का? शाळेत आपण सहा चवी पाठ केल्या, गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. लाल वाइन प्यायल्यावर जीभ कोरडी पडते, गालाच्या आतल्या बाजूला ओढल्यासारखं होतं, ते द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून आलेल्या टॅनिनमुळे. तू त्यावर तीन ओळी खर्च केल्यास आणि तरी ते नीट पोचलं नाही. एका शब्दाचं काम होतं. त्यातही आपल्याला बारकावे माहीत आहेत. जांभळाचा तुरटपणा वेगळा, तो गोडाच्या मागून येतो. कच्च्या सुपारीचा घसा आवळतो. आवळ्याचा पाणी प्यायल्यावर गोड होतो. कच्च्या केळाचा जिभेला चिकटून बसतो. यातला कुठला, तेवढं सांग. नाशिकच्या कोवळ्या शिराझला मी जांभळाचा म्हणेन, बिया चावल्या गेलेल्या जांभळाचा.

तुझ्या पत्रामुळे परवा मी हे स्वतः करून पाहिलं. नाशिकचीच एक शेनिन ब्लाँ, म्हणजे पांढरी वाइन, आणली. दोन ग्लासांत थोडी थोडी ओतली, एक ग्लास लगेच घेतला, एक ओट्यावर अर्धा तास तसाच ठेवला. थंड ग्लासाला बाहेरून दव धरलं होतं. पहिल्या घोटात फक्त गार आणि आंबट, वास जवळजवळ नाहीच. अर्ध्या तासानं दुसरा ग्लास उचलला आणि पेरू. पिवळा झालेला, घरात ठेवला की सगळ्या खोलीला कळतो तसा. मागून थोडी गोडी, आणि गिळल्यावर पेरूच्या सालीजवळ असतो तेवढाच कडसरपणा. तोपर्यंत ओट्यावरची थोडी ऊबही त्यात आली होती आणि आणखी दहा मिनिटांनी ती नुसती गोडसर, ढिली लागायला लागली. म्हणजे फ्रिजमधून काढल्यावर अर्ध्या तासानं प्यावी, एवढी एकच माहिती मला मिळाली. पण ही माहिती बाटलीवर छापलेली नव्हती. असं एक पानाला एक पुरे. चार-चार वाइनचं वर्णन एका पानात कोंबू नकोस, आणि चाखताना थुंकायला वाटी जवळ ठेव. धंदा म्हणून चाखणारे सगळे थुंकतात, त्यात लाज नाही.

खाण्याबरोबर काय, हे लोक तुला विचारत असतील. मिसळीबरोबर शिराझ सुचवलीस, ते पुढच्या पानात दुरुस्त कर. तिखटानं जीभ पेटलेली असताना अल्कोहोल ती आग वाढवतं, आणि वर तुरटपणा आला की रश्शाची चवही जाते आणि वाइनचीही. थंड, किंचित गोड शेनिन कोथिंबीर वडीबरोबर दे. शिराझ मटणाच्या सुक्याबरोबर दे, तिखट बेताचं असेल तर. दुरुस्ती छापायला घाबरू नकोस. मी बत्तीस वर्षं हे सदर लिहितेय, दुरुस्तीनं माझा एकही वाचक गेला नाही.

खराब बाटलीबद्दलही लिही. नाशिकच्या एप्रिलमध्ये काचेजवळ उभी राहिलेली बाटली भाजून निघते, तिला शिजवलेल्या फळाची चव येते. बुचाचा दोष असेल तर ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. हे गिऱ्हाइकाला कळलं की तो बाटली परत आणून दाखवेल, आज तो फक्त यायचा बंद होतो. आणि ते लिहायच्या आधी तुझी फळी दारासमोरच्या उन्हातून हलव. तू पाठवलेल्या फोटोत ऊन सरळ लेबलांवर पडलंय.

आता त्या काकू.

मी या पत्राला उत्तर द्यायचं ठरवलं ते त्यांच्यामुळे. त्यांच्या नवऱ्याचं पानात लिहू नकोस. तो माणूस, ते घर, ती मुलगी, सगळी गल्लीत ओळखीची आहेत, आणि नाव न घेताही सगळ्यांना कळेल. पण त्यांनी विचारलेला प्रश्न पानात आलाच पाहिजे. त्या काय म्हणाल्या? तू पेरूचा वास लिहितेस, त्याच काउंटरवरून माझ्या घरात काय येतं ते पण लिही. तुझी बाटली आणि त्याची क्वार्टर एकाच गल्ल्यात जमा होते.

वाइन म्हणजे दारू नव्हेच, असं २०२२च्या त्या वादात बरेच जण हिरिरीनं बोलले. तू ते कधीही लिहू नकोस. हिशोब कर. १३ टक्क्यांची ७५० मिलीची वाइनची बाटली, तिच्यात साडेसत्त्याण्णव मिली शुद्ध अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांची १८० मिलीची क्वार्टर, तिच्यात सत्त्याहत्तर. अख्खी बाटली एकट्यानं संपवणारा क्वार्टरवाल्यापेक्षा जास्तच प्यायलेला असतो, फक्त सावकाश आणि ग्लासातून. हृदयाला चांगली, पचनाला चांगली, हेही नको. दारू कर्करोगाला कारण होते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९८८ सालीच नोंदवलंय, आणि त्यात वाइनला सूट नाही. तुझ्या वाचकांना वाइन आवडते कारण तिची चव आवडते. तेवढं कारण पुरे आहे, त्याला औषधाचा वेष कशाला?

आपल्या राज्यात बायकांनी दुकान बंद करायला मतदान केलंय, उभी बाटली की आडवी बाटली, आणि कित्येक गावांत आडवी बाटली जिंकलीय. चंद्रपुरात बायका रस्त्यावर उतरल्या, २०१५ साली दारूबंदी झाली आणि २०२१मध्ये उठली. हा विषय तुझ्या पानाच्या बाहेरचा नाही. एखाद्या शनिवारी चाखलेलं काहीच लिहू नकोस, हेच लिही.

आणि लिहिण्याच्या आधी दोन कामं कर. काकूंकडे जा, दुकानात नको, त्यांच्या घरी किंवा त्या कामाला जातात त्या वाटेवर गाठ. "तुम्हाला काय म्हणायचं होतं, मला नीट सांगा," एवढंच विचार आणि ऐकून घे. दुसरं, त्यांच्या नवऱ्याला उधार देणं बाबांना बंद करायला सांग. तू पत्रात लिहिलेलं नाहीस, पण सव्वीस वर्षांच्या दुकानात वही असतेच. त्या वहीत त्याचं नाव आहे का बघ. असेल तर ती बाकी सोडून द्या आणि पान फाडा. पिणं त्यानं थांबणार नाही हे मलाही माहीत आहे. पण पगाराच्या दिवशी पहिला हात तुमच्या दुकानाचा पडतो, तो पडणार नाही.

शिवाय प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ कायमची ठेव. पुण्याचं मुक्तांगण १९८६पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय. दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा भरतात, घरच्यांसाठी अल-अॅनॉनच्याही भरतात. सरकारचा १४४४६ हा मोफत नंबर आहे. बारीक अक्षरात नको, भावाच्या अक्षराएवढ्याच अक्षरात.

कायद्याचं थोडक्यात. १९४९चा दारूबंदी कायदा आजही आपल्याला लागू आहे आणि त्यात दारूच्या जाहिरातीला बंदी आहे. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यातल्या काही गोष्टी रद्द केल्या, त्यांतली एक म्हणजे दारूची नुसती वाखाणणी करायलाही जी बंदी होती ती. बोलण्याच्या स्वातंत्र्यात ते बसतं, असं न्यायालय म्हणालं. पण घ्या म्हणून गळ घालणं आणि विक्रीसाठी पुढे करणं यावरची बंदी तशीच राहिली. म्हणजे "मला यात पेरू लागला" हे तुझं म्हणणं झालं, आणि "या शनिवारी दोनवर एक, लवकर या" ही जाहिरात झाली. तू परवानाधारक आहेस, त्यामुळे तुझ्या पानाकडे इतरांपेक्षा कडक नजरेनं बघितलं जाईल. बाबांचं म्हणणं होतं तसे नुसते भाव छापलेस तर उलट तू जास्त अडचणीत येशील, हे त्यांना सांग. न मागितलेल्या कोणाला पान पाठवू नकोस, एकवीसच्या आतल्या कोणाला तर नाहीच, दुकानात बाटली उघडून चाखायला देऊ नकोस; त्यासाठी वायनरीत चाखायच्या खोल्या आहेत, लोकांना तिकडे पाठव. आणि उत्पादन शुल्काची कामं करणारा वकील नाशिकमध्ये मिळेल, त्याला ही सहा पानं एकदा दाखव. मी वकील नाही.

आईबद्दल मी फारसं सांगणार नाही. तिनं सव्वीस वर्षं जनरल स्टोअर्स म्हणून निभावलंय, त्यामागे तुझं लग्न, तुझ्या मावश्या, काय काय असेल. तिला पान वाचून दाखवायचा आग्रह धरू नकोस. पेरूचा वास येतो का, एवढं तिला विचारून बघ, ग्लास न उचलता नुसता हुंगून. नाही म्हणाली तर विषय सोड.

बाबांचं मात्र सोडू नकोस. पत्राच्या इथे न छापलेल्या भागात तू जाता जाता लिहिलंयस, की दुकान तेव्हा महामार्गाला लागून होतं आणि २०१७मध्ये पाच महिने बंद राहिलं. महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्री नको हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश १ एप्रिल २०१७ला लागू झाला. त्यावर तेव्हा ढीगभर छापून आलं, अपघात किती कमी होतील, महसूल किती बुडेल. ३१ मार्चच्या रात्री शटर ओढणाऱ्या माणसाचं मी कुठेच वाचलं नाही. ते तुझ्या घरात आहे. त्या रात्री माल कुठे ठेवला, कामावरच्या पोरांना काय सांगितलं, पाच महिने सकाळी उठून ते कुठे जायचे, आणि रस्त्यावर दारू नसावी असं त्यांना स्वतःला कधी वाटलं का, हे त्यांना विचार. रात्री दुकान बंद केल्यावर, गल्ला मोजून झाला की विचार, तेव्हा माणसं बोलतात. ते सांगतील तसंच उतरवून घे, त्यांची भाषा सुधारू नकोस. येत्या शनिवारचं पान तेच असू दे, आणि पहिली प्रत मास्तरांना दे.